रॅलीची मोटार आणि गावचा रस्ता

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाने कणकवली सोडून कुडाळकडे निघाले की वाटेत कसाल लागते. कुडाळ तालुक्यातील या गावातून एक रस्ता पश्चिमेला मालवणकडे फुटतो. महामार्ग चौपदरी झाला. पण त्याला येऊन मिळणारे आडरस्ते अजून कोकणी वळणाचेच आहेत. अरुंद, चढउताराचे, एका बाजूला जांभ्याचा गडगा तर दुसऱ्या बाजूला घळ किंवा शेत, आणि वळणापलीकडे काय आहे ते वळल्याशिवाय न दिसणारे. रोजच्या प्रवाशाला असा रस्ता जिकिरीचा वाटतो. मोटार रॅली या खेळाला मात्र नेमका असाच रस्ता हवा असतो.

बंदिस्त धावपट्टीवरील मोटार शर्यत भारतीय वाचकाला आता अपरिचित राहिलेली नाही. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतीय ग्रां प्री भरली. रॅली त्या मानाने दुर्लक्षित राहिली. वास्तविक खर्चाच्या आणि साधनांच्या दृष्टीने सामान्य मोटारप्रेमीच्या अधिक जवळचा खेळ हाच आहे. त्यासाठी कोट्यवधींची धावपट्टी बांधावी लागत नाही आणि बाजारात मिळणाऱ्या मोटारीत फेरफार करून भाग घेता येतो. तरीही या खेळाची खालची पायरी डळमळीत आहे. त्याचे कारण मोटारीपेक्षा रस्त्यात अधिक आहे.

खेळाचे स्वरूप

रॅलीत सर्व मोटारी एकाच वेळी सुटत नाहीत. एक किंवा दोन मिनिटांच्या अंतराने त्या एकेक करून सोडल्या जातात आणि प्रत्येकीची स्पर्धा घड्याळाशी असते. मार्गाचे दोन भाग असतात. पहिला भाग ‘विशेष टप्प्यां’चा. हे टप्पे वाहतुकीला पूर्ण बंद केलेल्या रस्त्यावर असतात. तेथे वेगाला मर्यादा नसते आणि लागलेला वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजला जातो. दुसरा भाग या टप्प्यांना जोडणाऱ्या रस्त्यांचा. तेथे रॅलीची मोटार इतर वाहनांबरोबर, वाहतुकीचे सर्व नियम पाळत जाते. सर्व विशेष टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. ठरलेल्या ठिकाणी उशिरा किंवा वेळेआधी पोहोचल्यास दंडाची मिनिटे त्या बेरजेत मिळवली जातात.

मोटारीत चालकाशेजारी सहचालक बसतो. स्पर्धेपूर्वी दोघांना मार्गाची पाहणी करू दिली जाते. त्या वेळी प्रत्येक वळणाची तीव्रता आकड्यांत टिपून घेतात. वळण किती लांब आहे, पुढे उंचवटा आहे की खड्डा, कड कापायची की नाही, हे सारे त्या टिपणांत असते. प्रत्यक्ष स्पर्धेत सहचालक ही टिपणे हेल्मेटमधील ध्वनियंत्रणेवरून अखंड वाचत राहतो आणि चालक न दिसणाऱ्या वळणावर केवळ त्या शब्दांच्या भरवशावर मोटार घालतो. एक ओळ चुकली तर मोटार रस्त्याबाहेर जाते. म्हणूनच रॅलीचे विजेतेपद दोघांच्या नावावर लागते.

याच कुळातील सौम्य प्रकार म्हणजे वेळ-वेग-अंतर रॅली. मोटारप्रेमींत ती ‘टीएसडी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. येथे रस्ता बंद करावा लागत नाही. संयोजक कायद्याच्या मर्यादेतील सरासरी वेग नेमून देतात आणि स्पर्धकाने तो तंतोतंत राखायचा असतो. लवकर पोहोचणे हाही दोषच. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९ मध्ये स्थापन झालेली मुंबईची संस्था महिलांसाठी भरवत आलेली रॅली याच धर्तीची आहे.

मुंबई ते हिमालय

जगातील पहिली नामांकित रॅली १९११ मध्ये माँटे कार्लोला झाली आणि जागतिक रॅली अजिंक्यपद मालिका १९७३ मध्ये सुरू झाली. मुंबईकरांनी हा खेळ त्याआधीच पाहिला होता. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीकडे निघालेल्या मॅरेथॉन रॅलीचा आशियातील टप्पा मुंबईत संपला. लंडनहून ९८ मोटारी सुटल्या होत्या. मुंबईपर्यंत टिकून राहिलेल्या मोटारी ‘चुसान’ या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला नेण्यात आल्या. हिलमन हंटर ही साधी कौटुंबिक मोटार चालवणारा अँड्र्यू कोवन अखेर जिंकला. महागड्या आणि वेगवान मोटारींपेक्षा शेवटपर्यंत टिकणारी मोटार श्रेष्ठ, हा रॅलीचा धडा त्या निकालात होता.

भारतीय वंशाच्या एका चालकाने तर हा खेळ जगभर गाजवला. युगांडात जन्मलेले आणि केनियात स्थायिक झालेले शेखर मेहता यांनी पूर्व आफ्रिकेतील खडतर सफारी रॅली १९७३ मध्ये आणि पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वेळा, म्हणजे एकूण पाच वेळा जिंकली.

भारतात संघटित स्वरूप आले ते १९७० आणि १९८० च्या दशकांत. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया हा महासंघ १९७० च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली आणि ते दशक तिने गाजवले. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिका १९८८ पासून सुरू झाली. १९९९ मध्ये रेड दे हिमालय आणि २००३ मध्ये वाळवंटातील डेझर्ट स्टॉर्म या लांब पल्ल्याच्या रॅलींची भर पडली. नाशिकचा परिसर चारचाकी व दुचाकी रॅलींसाठी ओळखला जाऊ लागला. २०१० च्या दशकात राष्ट्रीय चारचाकी मालिकेची फेरी तेथे झाली.

या पायावर उभे राहिलेले चालक पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर चमकले. दिल्लीच्या गौरव गिलने २०१३, २०१६ आणि २०१७ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅली मालिका जिंकली आणि २०१९ मध्ये तो मोटार क्रीडेतील पहिला अर्जुन पुरस्कारविजेता ठरला. दुचाकीवर सी. एस. संतोषने २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण केली. असे करणारा तो पहिला भारतीय. २०२४ च्या डकारमध्ये केरळचा हरित नोआ ‘रॅली टू’ गटात विजेता ठरला. आशिया-पॅसिफिक मालिकेतही उतरलेले पुण्याचे संजय टकले २०२५ च्या जानेवारीत सौदी अरेबियातील डकार क्लासिकमध्ये मोटार घेऊन उतरले. ही जुन्या वाहनांची स्पर्धा आहे आणि तीत सर्वाधिक वेगाला नव्हे, तर नेमलेला सरासरी वेग राखण्याला गुण आहेत. रविवारच्या टीएसडी रॅलीत जे कौशल्य कामी येते, तेच वाळवंटातही लागते.

खालची पायरी

शिखरावरची ही नावे पाहून खेळ भरभराटीत आहे असा समज होऊ शकतो. पण कोणताही खेळ नवोदितांच्या संख्येवर जगतो. रॅलीत नवोदिताची पहिली पायरी म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानावर शंकू आणि टायर मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. मोटारी एकेक करून सुटतात आणि वेळ मोजली जाते. रोजच्या वापरातली मोटार, हेल्मेट आणि महासंघाचा परवाना एवढ्यावर येथे उतरता येते. मैदान बंदिस्त असल्याने गावाला त्रास नसतो आणि वेग मर्यादित असल्याने धोकाही कमी असतो.

ऑटोक्रॉसमधून खऱ्या रॅलीत जाताना मात्र पायरी एकदम उंच होते. मोटारीच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडावा लागतो. मोटार उलटली तर छप्पर चेपू नये, हे त्याचे काम. त्याशिवाय विशेष आसने, अनेक बिंदूंना बांधलेले पट्टे, अग्निरोधक पोशाख, मानेला आधार देणारे साधन आणि अग्निशमन यंत्र सक्तीचे असते. ही साधने एकदा घेतली की आयुष्यभर पुरत नाहीत. आंतरराष्ट्रीय मान्यतेची आसने आणि पट्टे यांची मुदत साधारणतः ५ वर्षांची असते; त्यानंतर ती दिसायला नवी असली तरी बाद ठरतात. खडीच्या रस्त्यावर टायर आणि धक्काशोषक झपाट्याने झिजतात. शिवाय सामानाची गाडी, कारागीर, मुक्काम आणि प्रवेशशुल्क यांचा खर्च असतोच.

हा भार काही काळ मोटार आणि टायर कंपन्यांनी उचलला. एमआरएफ आणि जे. के. टायर यांच्या संघांनी कित्येक चालक घडवले. महिंद्राने २०१० च्या दशकात राष्ट्रीय मालिकेत स्वतःचा संघ उतरवला, तर मारुती सुझुकीचे नाव लांब पल्ल्याच्या रॅलींशी आणि शहरोशहरीच्या ऑटोक्रॉसशी जोडलेले होते. कंपनीचे धोरण बदलले की असा आश्रय आटतो आणि त्याबरोबर खालच्या स्पर्धाही बंद पडतात. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी ही तीन दशकांहून अधिक काळ हौशी रॅलीपटूंची हक्काची गाडी होती. मजबूत सांगाडा, चारही चाकांना शक्ती, गावातल्या कारागिरालाही उलगडेल असे यंत्र आणि सहज मिळणारे सुटे भाग, अशी तिची ख्याती होती. तिचे उत्पादन थांबल्यावर त्या किमतीत तितकी सोपी गाडी बाजारात उरली नाही.

कायद्याची चौकट

पैशांची सोय झाली तरी प्रश्न सुटत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. पूर्वी त्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो तीन महिने आणि ५,००० रुपयांपर्यंत वाढला. पुन्हा गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शहरांतील रस्त्यांवर रात्री चालणाऱ्या जीवघेण्या शर्यती पाहता ही तरतूद आवश्यकच आहे. पण त्यामुळे ‘लेखी संमती’ हा शब्द संघटित रॅलीच्या दृष्टीने कळीचा ठरतो. ती कोणाकडे मागायची, किती दिवस आधी, कोणत्या अटींवर, याची सर्वत्र सारखी आणि ठरलेली पद्धत नसल्याने प्रत्येक संयोजकाला प्रत्येक वेळी नव्याने दारे ठोठवावी लागतात.

दुसरी अडचण मोटारीतील फेरफारांची. कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे तत्त्व ठामपणे मांडले. बंदिस्त धावपट्टीवरची मोटार ट्रकवर लादून नेता येते. रॅलीची मोटार मात्र दोन विशेष टप्प्यांच्या मध्ये सार्वजनिक रस्त्यावरून स्वतःच्या नोंदणी क्रमांकासह धावते. ज्या पिंजऱ्यावाचून ती टप्प्यावर सोडली जात नाही, त्याच पिंजऱ्यावर जोडरस्त्यावर बोट ठेवले जाऊ शकते.

तिसरी अडचण विम्याची. आपल्याकडील खासगी मोटारीच्या प्रमाणित विमापत्रात संघटित शर्यत, वेगचाचणी आणि टिकाऊपणाची चाचणी यांसाठीचा वापर स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. त्यामुळे नेहमीच्या विम्याच्या भरवशावर रॅलीत उतरणारा स्पर्धक प्रत्यक्षात विम्याविना उतरलेला असतो. पुरवणी संरक्षण आणि संयोजकांचा स्वतंत्र विमा हाच त्यावरचा मार्ग. लहान क्लबच्या अंदाजपत्रकात हा खर्च सर्वांत आधी जड होतो आणि नेमका हाच खर्च कधीही वाचवू नये असा आहे.

जोधपूरचा धडा

रॅलीत पणाला काय लागलेले असते, ते २१ सप्टेंबर २०१९ रोजी दिसले. राजस्थानात जोधपूर रॅली ही राष्ट्रीय मालिकेची फेरी सुरू होती. बाडमेर जिल्ह्यातील बंद केलेल्या टप्प्यावर एक दुचाकी आली आणि वेगात येणाऱ्या स्पर्धक मोटारीची तिला धडक बसली. दुचाकीवरील एकाच कुटुंबातील तिघे मृत्युमुखी पडले. फेरी तेथेच थांबवण्यात आली. संयोजक आणि स्पर्धक यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला.

या घटनेत कोणाचा किती दोष, हा न्यायालयीन प्रश्न आहे. खेळाच्या दृष्टीने तिचा अर्थ मात्र स्वच्छ आहे. कागदावर बंद असलेला रस्ता आणि प्रत्यक्षात बंद असलेला रस्ता यांत अंतर राहिले की माणसे मरतात. शेतावर किंवा नातेवाईकांकडे निघालेल्या माणसाला तो रस्ता ‘विशेष टप्पा’ म्हणून ठाऊक नसतो. तो त्याचा रोजचा रस्ता असतो. टप्प्याला मिळणारी प्रत्येक पाऊलवाट आणि प्रत्येक घराचे फाटक ही संभाव्य वाट असते. मुख्य रस्त्याच्या दोन टोकांना दोर बांधून असा रस्ता बंद होत नाही.

परदेशांतही हा धडा सहज मिळालेला नाही. स्कॉटलंडमध्ये २०१३ च्या स्नोमॅन रॅलीत एका आणि मे २०१४ मधील जिम क्लार्क रॅलीत तीन प्रेक्षकांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील शासनाने मोटार क्रीडेच्या सुरक्षिततेचा आढावा घेतला आणि मृत्यूंची न्यायिक चौकशीही झाली. प्रेक्षकांनी कोठे उभे राहावे, पंचांना कोणते प्रशिक्षण असावे, टप्पा थांबवण्याचा अधिकार कोणाला, अशा बाबी त्यातून ऐरणीवर आल्या.

रॅलीत खऱ्या अर्थाने किल्ला लढवतात ते स्वयंसेवक पंच. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी बऱ्याच आधी ते आपापल्या जागी पोहोचतात. त्यानंतर संयोजकांच्या पाहणी मोटारी टप्प्यावरून जातात. शेवटची, ‘शून्य’ क्रमांकाची मोटार रस्ता मोकळा असल्याची खात्री करते आणि मगच पहिला स्पर्धक सुटतो. सर्व मोटारी गेल्यावर झाडणारी मोटार मागून येते आणि तिच्यानंतरच रस्ता खुला होतो. या साखळीतील एका पंचानेही जागा सोडली तर सगळी व्यवस्था निरर्थक ठरते. हे काम बहुधा विनामानधन चालते. मोबाइलची रेंज नसलेल्या डोंगरात बिनतारी संदेशयंत्र हाच पंचांचा आधार असतो.

कसालचा रस्ता बंद करायचा तर

कर्नाटक आणि तामिळनाडूतील संयोजकांनी या पेचावर एक तोडगा काढला. चिकमगळूरच्या कॉफी मळ्यांतील आणि कोइम्बतूर परिसरातील पवनचक्क्यांच्या जमिनीवरील खासगी रस्ते त्यांनी वापरात आणले. मळ्याचा मालक एक, फाटके मोजकी आणि आतली वस्ती ठाऊक. त्यामुळे संमती आणि बंदोबस्त दोन्ही आवाक्यात येतात. दक्षिणेत रॅली टिकून राहिली यात या मळ्यांचा वाटा मोठा आहे.

कोकणात हा नमुना जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे शेकडो एकरांचे एकसंध मळे विरळा. एका सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावे आणि त्यांतील निम्मे मुंबईत, अशी परिस्थिती सर्रास आढळते. म्हणजे रॅली भरवायचीच तर ती ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर. कसाल परिसरातला दहा किलोमीटरचा एखादा आडरस्ता उदाहरणादाखल घेतला तर काय करावे लागेल, याचा हिशेब उद्बोधक आहे.

जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस येथून अगदी जवळ असल्याने अर्ज घेऊन फार लांब जावे लागणार नाही. पण अर्ज अनेक करावे लागतील. शर्यतीसाठी राज्य शासनाची लेखी संमती, वाहतूक बंद ठेवण्यासाठी कायद्याच्या कलम ११५ खालील आदेश, पोलीस अधीक्षकांकडून बंदोबस्त, रस्ता ज्याच्या ताब्यात त्या खात्याची परवानगी, वाटेत वनजमीन असल्यास वनखात्याची मंजुरी आणि प्रत्येक ग्रामपंचायतीची संमती. आरोग्य खात्याशी बोलून रुग्णवाहिका आणि जवळचे रुग्णालय निश्चित करणे हे त्याच्या जोडीला. त्या रस्त्यावरच्या एखाद्या वाडीतील रुग्णाला ऐनवेळी हलवावे लागले, तर स्पर्धा किती मिनिटांत थांबेल याचे उत्तर संयोजकाकडे तयार असले पाहिजे.

तारीख ठरवणेही सोपे नाही. जून ते सप्टेंबर पावसाचे. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि लाल मातीचा रस्ता त्या काळात तग धरत नाही. त्यातच गणेशोत्सव येतो आणि चाकरमान्यांच्या गाड्यांनी रस्ते भरून जातात. भातकापणी आटोपली की गावोगावच्या जत्रा आणि दशावताराच्या रात्री सुरू होतात. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख तर दिनदर्शिकेत आधीपासून छापलेली नसते. ती देवीच्या कौलाने ठरते आणि एकदा ठरली की परिसरातील सारी वाहतूक तिकडे वळते. मार्चपासून काजू आणि आंब्याचा हंगाम. त्या दिवसांत बागायतदाराचा टेम्पो अर्धा दिवस अडकला तर त्याचे नुकसान रोख असते. या सगळ्यातून उरणारे मोकळे शनिवार-रविवार बोटांवर मोजण्याइतकेच.

अडचणींची ही यादी रॅली अशक्य आहे हे सांगण्यासाठी नाही. गावाला आधी विचारले तर काय काय विचारात घ्यावे लागते, हे त्यातून दिसते. बंद रस्त्याची किंमत गाव मोजते. तेव्हा गावाला त्या बदल्यात काय मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. मुक्काम आणि जेवणाचे उत्पन्न हे एक उत्तर. खराब झालेला रस्ता दुरुस्त करून देण्याची लेखी हमी हे दुसरे, आणि त्याला पैशांपेक्षा अधिक वजन आहे. गावातील तरुणांना पंच म्हणून प्रशिक्षण देणे हे तिसरे. कोणती पाणंद कोठे मिळते, कोणाचे गुरू कोणत्या वेळी सुटते, हे बाहेरून आलेल्या पंचाला कधीच कळणार नाही.

अमेरिकेतही तेच

हा पेच गरीब देशाचा किंवा दाट वस्तीचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेसारख्या विस्तीर्ण आणि मोटारवेड्या देशातही रॅली हा मूठभरांचाच खेळ राहिला आहे. मिशिगन राज्यातील ‘प्रेस ऑन रिगार्डलेस’ ही रॅली १९४९ पासूनची. १९७३ मध्ये जागतिक मालिका सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी तिचा समावेश झाला आणि वॉल्टर बॉइस या कॅनेडियन चालकाने टोयोटा कोरोला चालवून ती जिंकली. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपस रॅली १९८६ ते १९८८ या काळात जागतिक मालिकेत होती. पण हे स्थान टिकले नाही.

राष्ट्रीय मालिका चालवणाऱ्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने २००४ च्या हंगामानंतर विशेष टप्प्यांच्या रॅलीतून अंग काढून घेतले. अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी आणि विम्याचा वाढता भार ही त्यामागची मोठी चिंता होती. २००५ पासून ‘रॅली अमेरिका’ आणि २०१७ पासून ‘अमेरिकन रॅली असोसिएशन’ यांनी ती धुरा घेतली. तेथील टप्पे मुख्यतः जंगलातील कच्च्या रस्त्यांवर होतात आणि ते रस्ते वनखात्याचे, स्थानिक प्रशासनाचे किंवा लाकूड कंपन्यांचे असतात. त्यांपैकी एकाने नकार दिला की संपूर्ण रॅली कोलमडते. संदेशवहनासाठी हौशी बिनतारी चालक, म्हणजे ‘हॅम’, मदतीला येतात. क्लबने मैदानावरील ‘रॅलीक्रॉस’ मात्र चालू ठेवले. शंकूंमधून एकेकट्या मोटारीने धावण्याचा हा प्रकार आपल्या ऑटोक्रॉससारखाच असून नवोदितांची भरती आजही तेथूनच होते.

पुढची वाट

या सगळ्याचा निष्कर्ष असा की, रॅलीचे भवितव्य मोटारींच्या अश्वशक्तीवर अवलंबून नाही. रस्ता मिळतो का आणि मिळाला तर तो खरोखर बंद करता येतो का, यावर ते ठरते. महाराष्ट्रात एक जवळचे उदाहरण आहे. बैलगाडा शर्यती कित्येक वर्षे न्यायालयीन बंदीखाली होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या शर्यतींसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज कसा करायचा आणि कोणत्या अटी पाळायच्या, हे आज नियमांत लिहिलेले आहे. नियमांवर मतभेद असू शकतात. पण परवानगीचा मार्ग कोणता, हे आयोजकाला आणि अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. मोटार रॅलीसाठी अशीच एक ठरलेली कार्यपद्धती राज्याने आखली, तर प्रामाणिक क्लबला वाट मिळेल आणि निष्काळजी क्लबला नकार देण्यास आधारही मिळेल.

तोवर खालच्या पायरीवर करण्यासारखे बरेच आहे. ऑटोक्रॉसला रस्ता लागत नाही. टीएसडी रॅलीला लागतो; पण तो बंद करावा लागत नाही. वेळेचे भान, टिपणे वाचण्याची सवय आणि मोटारीवरचा ताबा हे सारे या दोन प्रकारांत शिकता येते. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या चिखलातील जीप स्पर्धेने आणि इगतपुरीजवळच्या महिंद्राच्या प्रशिक्षण केंद्राने हेच दाखवून दिले की, कोकण आणि सह्याद्रीच्या भूमीत सार्वजनिक रस्ता न अडवताही मोटारीचे कौशल्य जोखता येते. कोकणातील गावाबाहेरचा मोकळा सडा ऑटोक्रॉसला पुरेसा आहे. मात्र सडा ओसाड दिसला तरी निर्जीव नसतो. पावसाळ्यात त्यावर दुर्मीळ फुलझाडे उगवतात. त्यामुळे तेथेही जागा आणि ऋतू निवडूनच उतरावे लागेल.

विशेष टप्प्याची रॅली ही या साऱ्याच्या वरची पायरी आहे. तेथे जाण्याची घाई करणारा क्लब स्वतःचे आणि खेळाचेही नुकसान करतो. पुरेसे पंच, पुरेसा विमा आणि गावाचा होकार, या तीन गोष्टी हाती नसतील तर ती रॅली न भरवणे हेच योग्य. रस्ता गावाचा असतो आणि रॅली तेथे एका दिवसाची पाहुणी असते. पाहुण्याने घर जसे होते तसे सोडले, तरच पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे येते.